फुईच्या वर्गाला छप्पर नाही

छपराखाली माणूस काही शिकू शकतो, यावर माझ्या नणंदबाईंचा विश्वासच नाही. त्यांचं स्वतःचं एम.एस्सी. छपराखालीच झालं, याची त्यांना कुणी आठवण करून द्यायची नाही. मी एकदा करून दिली, तर म्हणाल्या, "म्हनीसनच इतला येळ लागना." शिकायला इतका वेळ लागला तो त्यामुळेच म्हणे. दोन वर्षांपूर्वी ताई म्हसावदहून आमच्याकडे धानोऱ्याला दिवाळीला आल्या त्या राहिल्याच. तेव्हा माझ्या थोरल्या मुलीला शाळेच्या रिक्षाचा हॉर्न ऐकला की ओकारी यायची. सुट्टी संपून शाळा उघडल्यावर ताईंनी चार दिवस पाहिलं आणि पाचव्या दिवशी रिक्षावाल्याला परस्पर सांगून टाकलं, उद्यापासून येऊ नकोस. मला, तिच्या आईला, विचारलंसुद्धा नाही. मी आठवडाभर अबोला धरला, पण पोर सकाळची भाकरी पोटभर खायला लागली आणि माझा अबोला बारगळला.

तेव्हापासून दोन्ही पोरींची शाळा म्हणजे त्यांची ही फुई, आमच्याकडे आत्याला फुईच म्हणतात. पाऊस सरला की फुईला चेव येतो. कापूस वेचायला निघालेल्या बायांसारखा साडीवर भावाचा जुना फुलबाह्यांचा शर्ट चढवायचा आणि पोरींना घेऊन नाल्याकाठी जायचं. धोबी पक्षी आला का, कोळ्यानं जाळं कुठल्या बाजूला बांधलं, सगळं वहीत. एका लग्नात तर बाई भरल्या पंगतीतून उठल्या, कारण मांडवाच्या खांबावर नाकतोडा कात टाकत होता. नवरदेवाच्या काकांना वाटलं भाजीत काहीतरी निघालं, त्यांनी बिचाऱ्या आचाऱ्याला झाप झाप झापलं. ताईंना त्यातलं काही कळलं नाही, त्या पोरींना खांबाजवळ उचलून धरण्यात गुंग होत्या.

माझ्या सासऱ्यांना, नानांना, हे काही पसंत नव्हतं. गेल्या आश्विनात त्यांनी निकाल लावायचं ठरवलं. त्यांचे मित्र, एक निवृत्त मुख्याध्यापक, पोरींची परीक्षा घेणार. नापास झाल्या तर दिवाळीनंतर मुकाट शाळेत. रिक्षाचा तो हॉर्न मला झोपेतही ऐकू येत होता. ताई मात्र एवढंच म्हणाल्या, "घ्या ना."

गुरुजी पांढरंशुभ्र धोतर नेसून, बगलेत गुळगुळीत पुस्तक मारून आले. पाढे झाले, वाचन झालं. मग त्यांनी विचारलं, "शरद ऋतूत झाडांचं काय होतं?"

"काही होत नाही," थोरली म्हणाली.

"चूक. पानं पिवळी पडून गळतात." त्यांनी चित्र दाखवलं. लालपिवळी झाडं, खाली पानांचा ढीग. नानांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मला रडूच यायला लागलं.

तेवढ्यात माझी सात वर्षांची धाकटी उठली, तिनं गुरुजींचं बोट धरलं आणि त्यांना थेट नाल्यावर नेलं. मागोमाग आम्ही सगळे. लिंब हिरवागार, पळस हिरवागार, सागाची पानं सुपाएवढी. "गुरुजी, दखा," ती म्हणाली, "एक बी पान पडेल नही शे." थोरलीनं वही काढून वाचून दाखवलं: पळस कधी उघडा पडतो, साग कधी. सगळं माघ-फाल्गुनातलं. गुरुजी वर बघत तसेच उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "अरे, मी तर जन्मभर हेच शिकवलं. शाळेच्या दारातच पळस होता, कधी मान वर करून पाहिलं नाही." परत येताना त्यांच्या धोतराला गुडघ्यापर्यंत कुसळं चिकटली. धाकटीनं त्यांना बजावलं की ही झटकायची नाहीत, बी असंच गावोगाव जातं. आणि त्यांनी खरंच झटकली नाहीत. नानांना म्हणाले, "पोरी पास. मला मात्र अजून एक वर्ष लागेल." नाना खो खो हसले. मी त्यांना तसं हसताना प्रथमच पाहिलं.

संध्याकाळी शिरा केला. ताईंना हाक मारायला त्यांच्या खोलीत गेले, तर पलंगावर त्यांची पिशवी भरलेली. साड्या, चष्म्याचं घर, पोरींनी काढलेली पाखरांची चित्रं, सगळं आत. मला बघून त्या ओशाळल्या.

"हारनूत तं सकायनी बसवर निंघी जासू, असं ठरायेल व्हतं," त्या म्हणाल्या. पोरी नापास झाल्या असत्या, तर सकाळच्या बसनं म्हसावद गाठायचं, असं बाईंनी मनाशी ठरवलं होतं. "पोरीसले त्या रिक्षामा बसतांना माले दखाये नसतं."

मी पलंगावर बसले आणि एकेक साडी काढून परत फळीवर ठेवत गेले.