मोरचूद न घातलेली खळ

छापलेल्या शब्दाला मरण नाही, असं आमच्या छापखान्याचे मालक दर दसऱ्याला मशीनला हार घालताना म्हणत. दारात बादली घेऊन उभे असलेले मामा ते शांतपणे ऐकून घेत आणि माझ्याकडे वळून हळूच दुरुस्ती करत, "तीन दिस, गुरुजी. खळ चांगली असली तर हप्ताभर."

मामा भिंतींवर पोस्टरं चिकटवत. ते कोणाचे मामा होते हे कोणी विचारलं नव्हतं. मी तेव्हा शाळेत शिकवत असे आणि शाळा सुटल्यावर नवीन जालन्यातल्या त्या छापखान्यात प्रुफं तपासायला जाई. सिनेमा, सर्कस, बियाणं, विडी, निवडणूक, जे काही तिथं छापलं जाई ते मामांच्या सायकलवरून गावात पोचे. हँडलला खळीची बादली, कॅरिअरवर कागदांची गुंडाळी, दांडीला बांधलेला कुंचा. पोस्टरच्या तळाशी मुद्रकाचं नाव छापणं कायद्यानं सक्तीचं होतं. चिकटवणाऱ्याबद्दल कायदा गप्प होता, आणि मुद्रणाचा इतिहास लिहिणारेही आजवर गप्पच आहेत.

त्यांना वाचता येत होतं, पण ते पोस्टर वाचत नसत. "वाचलं की हात थांबतो," म्हणत. मग पोस्टर सुलटं की उलटं हे कसं कळतं? "बारीक अक्षर खाली. मोठा माणूस वर."

त्यांचा एक नियम होता. दुसऱ्याच्या पोस्टरवरची तारीख उलटेपर्यंत त्यावर आपला कागद चढवायचा नाही. एका उमेदवाराचा कार्यकर्ता एकदा विरोधकाचं पोस्टर झाकायला सांगत मागे लागला.

"मामा, लावा ना! कोण बघून राह्यलंय?"

"त्याची तारीख जिती हाये अजून. उद्या तुमच्या साहेबाच्या तोंडावर कोणी सर्कशीचं अस्वल डकवलं, तर चालंल का?"

कार्यकर्त्यानं जरा विचार केला आणि तो निघून गेला.

खळ ते स्वतः शिजवत. मैदा, पाणी आणि चिमूटभर मोरचूद. त्या निळ्या विषानं खळ नासत नाही, कीड लागत नाही, आणि मुख्य म्हणजे शेळी एकदा तोंड लावते आणि पुन्हा त्या भिंतीकडे फिरकत नाही. चांगल्या सालात शेळ्यांना दुसरं खायला असतं, म्हणून कडू लागलं की त्या पुढं जातात.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरींचे तळ दिसले, माणसं खडी फोडायला गेली, रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळू लागली. तालुक्यात गुरांची छावणी निघायची होती आणि तिच्या उद्घाटनाला मंत्री येणार होते. छावणी समितीचे अध्यक्ष स्वतः छापखान्यात आले. वर मंत्र्यांचा हात जोडलेला फोटो, खाली मोठ्या लाकडी टाइपात 'मुके पशुधन वाचवा', त्याखाली दिवस आणि वेळ. मजकूर माझाच होता, त्यामुळं त्याबद्दल जास्त बोलत नाही.

"रविवारपर्यंत एक कागद हलला न्हाई पाहिजे," अध्यक्ष मामांना म्हणाले. "शेळ्या लई झाल्यात. मोरचूद डबल टाका."

"यंदा मोरचूद नको, साहेब. भुकेली शेळी कडू बघत न्हाई. खाईल आन मरंल."

"मंग मरू द्या! मंत्र्याला काय दाखवू, मोकळ्या भिंती?"

ते गेल्यावर मालकांनी मामांना जवळ बोलावलं. मालक माणूस म्हणून वाईट नव्हते. "मामा, हे बिघडलं तर समितीचं सगळं काम दुसरीकडं जाईल. मंग मी तुम्हाला ठेवू शकणार न्हाई. समजलं?"

"बराबर हाये, शेठ."

मामांनी कपाटातून मोरचुदाची पुडी काढली, हातावर तोलली आणि परत ठेवली. त्या दिवशी बादलीतली खळ पांढरीशुभ्र होती. मी ती पाहिली आणि पुन्हा प्रुफात डोकं घातलं. माझ्या धैर्याची नोंद एवढीच.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गावातल्या शेळ्यांनी भिंती गाठल्या. मागच्या दोन पायांवर उभं राहून त्या पोस्टरं खालून वर खात गेल्या. आधी मुद्रकाचं नाव गेलं, मग वेळ, मग दिवस, मग मुकं पशुधन. वर मंत्र्यांचा फोटो तेवढा उरला. ते कोणाला हात जोडत आहेत याचा खुलासा आता कुठंच नव्हता. समोर फक्त शेळ्या होत्या. छावणी गाई, बैल आणि म्हशींसाठी होती. शेळ्या नियमात बसत नव्हत्या. त्यामुळं त्या योजनेतून त्यांच्या वाट्याला आलेला चारा म्हणजे हाच.

अध्यक्ष तणतणत आले. "खळ कोणी केली?"

"म्या."

"आन मोरचूद?"

"कपाटात हाये, साहेब. बिलकुल जसंच्या तसं."

मालकांनी मान खाली घालून मामांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मामांनी बादली घासली, कुंचा धुतला, दोन्ही मोरीजवळ पालथी घातली आणि बहिणीकडं हसनाबादला निघून गेले.

दोनेक वर्षांनी परीक्षेच्या कामासाठी मी हसनाबादला गेलो होतो, तेव्हा त्यांना शोधून काढलं. दुसऱ्याच्या रानात मजुरी करत होते. हाताची बोटं दुष्काळातल्या खडीनं फुटली होती, ती तशीच होती. मी जरा भारावून म्हणालो, "मामा, शेळ्यांवर तुमची फार माया."

"शेळीवर?" त्यांनी माझ्याकडं रोखून पाहिलं. "लई हरामी जात, गुरुजी. वीस वरसं माझं काम खाल्लं तिनं."

"मग पुडी का ठेवून दिलीत?"

"त्या साली कोणाच्या घरात दुसरं काय दूध होतं? लेकरं त्याच्यावर होती." आणि आत वळून बहिणीला म्हणाले, "अगं, गुरुजींला चहा टाक."

पुढच्या उन्हाळ्यात ते वारले. मालकांनी आपल्या खर्चानं शोकसभेचं पोस्टकार्ड छापायला घेतलं आणि मजकूर मला लिहायला सांगितला. मी लिहिलं, 'मुक्या जिवांचा कैवारी'. मालकांनी त्याखाली स्वतः एक ओळ घातली, 'छापखान्याचे अखेरपर्यंतचे निष्ठावंत सेवक'.

कंपोझिटर म्हणाला, दोन ओळी मावत नाहीत. मालकांची ठेवली.