सात दिवसांचा पास

उचगावचे भरमाप्पा मगदूम अडतीस वर्षं लेथ मशीनवर उभे राहिले. केसाएवढा फरकही त्यांना खपत नसे. निवृत्त झाल्यावर ती सवय घरात आली. गॅसची टाकी किती दिवस पुरली ते कॅलेंडरवर लिहायचं, बायको गंगव्वांच्या गोळ्या मोजून डबीत भरायच्या. त्यामुळं जपानातनं मल्लेशचा फोन आला, "अप्पा, तुमच्यासारख्या पावण्यांसाठी हितं रेल्वेचा पास मिळतोय, सात दिवस पायजे तिकडं फिरा," तेव्हा त्यांनी लगेच होकार दिला नाही. शंभर पानी वही काढली आणि चष्मा पुसला.

मल्लेश हा त्यांचा एकुलता एक. नागोया शहरात मोटारीचे भाग बनवणाऱ्या कंपनीत सहा वर्षं नोकरीला. सून सौंदर्या निपाणीची. नात शांभवी तिकडंच जन्मली, आता पाच वर्षांची. सव्वा वर्षाची असताना तिला घेऊन दोघं आले होते, तेवढीच काय ती आजी-आजोबांच्या मांडीवर बसली. नोव्हेंबरात भरमाप्पा आणि गंगव्वा पहिल्यांदाच तिकडं निघणार होते, दहा दिवसांसाठी.

तीन संध्याकाळी भरमाप्पांनी मोबाईलवर भाडी शोधली आणि वहीत उतरवली. नागोया ते टोकियो, नागोया ते क्योटो, नागोया ते हिरोशिमा. हिशेब सरळ निघाला. टोकियो आणि हिरोशिमा दोन्ही केलं तरच पास वसूल. एखादा दिवस घरी बसलं तर तेवढा वाया, कारण पास सलग चालतो, मध्ये थांबत नाही.

"मी काय फिरायला चाल्ली न्हाय," शेंगदाणे निवडता निवडता गंगव्वा म्हणाल्या. "मला पोरीची येणी घालायची हाय. सौंदर्याच्या हातचं खायचं हाय. दोन तिकिटं काढा, एक दिवस कुटंतरी जाऊन येऊ. झालं."

भरमाप्पांना ते पटलं. रविवारी त्यांनी मल्लेशला खुशीत सांगितलं, "पास नगो बाबा. आम्ही घरातच बसणार हाय."

मल्लेश म्हणाला, "घ्या की अप्पा. पैसं मी भरतो. घरात बसून काय करणार?"

"तू येणार आमच्यासंगं?"

"मला न्हाय मिळत तो पास. हितं राहणाऱ्याला देत न्हाईत. तुम्ही दोघं फिरा. राहायची हॉटेलंबी बघून ठेवतो."

"आणि शांभवी कुटं हाय? बोलाव की तिला."

"झोपलीया."

तिकडं तेव्हा दुपारचे चार वाजले असणार, हे भरमाप्पांनी मनात मोजलं. मागच्या रविवारी ती नाचाच्या शिकवणीला गेली होती. त्याच्या मागच्या रविवारी मैत्रिणीकडं. सौंदर्याही कायम बाहेरच असायची. महिन्यातनं एकदाच ती फोनवर दिसायची, तीही कुठल्यातरी बागेत, बापाच्या मांडीवर. पण पोराला उलटं विचारायला त्यांची जीभ रेटली नाही.

पुढच्या आठवड्यात व्हिसाच्या कागदांसाठी ते शहरात शाहूपुरीत गेले. तिथल्या एका प्रवासी कंपनीत आदिती नावाची मुलगी हे काम बघायची. मल्लेशनं पाठवलेल्या जपानी कागदांचं तिनं भाषांतर करून घेतलं होतं. ती कागद पुन्हा पुन्हा चाळत राहिली.

"काका, घरात कोण कोण राहतं त्याचा हा सरकारी दाखला. तुम्ही अर्जात सून आणि नात लिहिलीय. यात एकट्या मल्लेशचंच नाव आहे."

"चुकलं असंल."

"तारीख पण आहे काका. फेब्रुवारीपासनं ते या पत्त्यावर एकटेच राहतात."

भरमाप्पा जिना उतरून खाली आले. रस्त्यावर गुळाच्या ढेपा उतरवणाऱ्या टेम्पोचा गोंगाट चालला होता. त्यांनी कडेला उभं राहून मल्लेशला फोन लावला आणि एवढंच म्हणाले, "कागद बघितला."

मग मल्लेश बोलायला लागला. सौंदर्या फेब्रुवारीत ओसाकाला गेली, तिथं तिला नोकरी लागली. भांडण एका दिवसाचं नव्हतं, दोन वर्षांचं होतं. तो बारा-बारा तास कारखान्यात, ती परक्या गावात पोरीला घेऊन एकटी. शांभवी त्याला महिन्यातल्या एका रविवारी भेटते. तो आता एका खोलीत राहतो.

"तुम्ही सात दिवस फिरत राहिला असता," तो म्हणाला, "मधी एक दिवस मी शांभवीला स्टेशनात घेऊन आलो असतो. उरल्या दिवसांत कायतरी निमित्त सांगितलं असतं. अव्वाला कळलंच नसतं. ती चार दिवस सुखात राहिली असती अप्पा."

भरमाप्पांना रागवायचं होतं. शब्द मात्र भलताच आला. "जेवतोस का येळंवर?" त्यांनी विचारलं, आणि पलीकडं त्यांचा छत्तीस वर्षांचा पोरगा हुंदके देऊन रडायला लागला.

घरी येऊन त्यांनी गंगव्वांना सगळं सांगितलं. लपवायचं वाटेत दोनदा ठरवलं होतं, पण जमलं नाही. गंगव्वा गॅसपाशी भाकऱ्या करत होत्या. भाकरी करपली तरी त्यांचा हात हलला नाही. मग त्यांनी विचारलं, "सौंदर्या कामाला गेल्यावर पोरगी कुणापाशी आसती?"

पास घेतला नाही. नोव्हेंबरात दोघं गेले आणि मल्लेशच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून राहिले. तो कामावर गेला की गंगव्वा त्याचे कपडे धुवायच्या आणि संध्याकाळपर्यंत खिडकीत बसायच्या. रविवारी तिघं साध्या तिकिटानं ओसाकाला गेले.

एका बागेत सौंदर्या शांभवीला सोडून गेली. तीन तास मिळाले. पोर गुणी होती, पण मराठी विसरत चालली होती. आजी काही बोलली की ती बापाच्या तोंडाकडं बघायची आणि तो जपानीत सांगायचा. गंगव्वांनी येणी घालायला घेतली तर केस कानापर्यंत कापलेले. त्यांनी नुसताच हात फिरवला. शेंगदाण्याचा लाडू तिनं अर्धा खाल्ला, अर्धा परत आजीच्या हातात ठेवला आणि वाकून काहीतरी म्हणाली.

"काय म्हणती?"

"आभार मानती, अव्वा," मल्लेश म्हणाला.

सौंदर्या न्यायला आली तेव्हा खाली बघत उभी राहिली. गंगव्वांनी तिची हनुवटी धरून तोंड वर केलं. "वाळलीस गं," एवढंच त्या म्हणाल्या. सौंदर्यानं त्यांचा हात गालाशी धरून ठेवला. मग पोरीला घेऊन ती गेली. वळणावर शांभवीनं मागं बघून हात हलवला, तो बापाला होता.

परत आल्यावर शेजारचे आकाराम कट्ट्यावर येऊन बसले. "काय मग, जपान कसं हाय?"

"सोच्छ हाय," भरमाप्पा म्हणाले. "गाडी मिनिटावर येती."

"आणि नात?"

"मोठी झालीया."

आकाराम आणखी विचारणार होते, पण भरमाप्पा गुडघ्यावर हात टेकून उठले आणि आत गेले. गंगव्वा मोबाईल भिंतीला टेकवून बसल्या होत्या. पडद्यावर मल्लेश एकटाच ताट घेऊन बसला होता. तो जेवत होता आणि त्या त्याच्याकडं बघत होत्या. भरमाप्पा त्यांच्या शेजारी खाली बसले.