बाटलीवाले मामाजी

नत्थूजींनी पिशवीतून बाटलीऐवजी तांब्याचा गडू काढला, तेव्हा खाटेवरच्या तुळजाबाईंच्या छातीत धस्स झालं.

बाटलीचं काही नवल नव्हतं. तुळजाबाई येशूच्या झाल्या, तेव्हापासून या थोरल्या भावानं त्यांच्या घरचं पाणी सोडलं होतं. राखीला मात्र न चुकता यायचे. हात पुढे करायचे, राखी बांधून घ्यायचे आणि मग स्वतःच्या बाटलीतलं पाणी गटागटा प्यायचे. तुळजाबाईंचा वैभव लहान होता तेव्हा त्यांना तोंडावर ‘बाटलीवाले मामाजी’ म्हणायचा. नत्थूजी हसायचे, पण पुढच्या राखीला बाटली असायचीच.

आज मात्र गडू होता, लाखेनं तोंड बंद केलेला. काशीहून आणलेलं गंगाजल.

रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी ‘आता घरीच न्या’ म्हटल्यापासून तुळजाबाईंना एकेका शब्दासाठी एकेक श्वास मोजावा लागत होता. तोंड उघडंच राहायचं. मिटलं तर जीव घाबरायचा.

“वैभव, चमचा आण गा.”

“मामाजी, आईले चालत नाही ते.”

“मंग तिले सांगू दे. तुले कोणी विचारलं?”

“तिले बोलता येऊन राहिलं का?”

“मंग झालं तर. आण.”

प्रणाली उशाशी बसली होती, सासूचा हात हातात घेऊन. ती म्हणाली, “मामाजी, आई कालच स्वच्छ बोलल्या. माह्या तोंडात असलं काही घालू नका म्हणाल्या. पाळकसाहेब प्रार्थना करून गेले, प्रभुभोजनही झालं.”

“सूनबाई, तू चूप राय वं! माय गेली, बाप गेला, दोघायच्या तोंडात म्याच पाणी घातलं. हे माह्या पाठची हाय. हिले तशीच सोडू?”

वैभव दारात घुटमळला. तो चर्चमध्ये जायचा तो नाताळापुरता. मामाजी रुसून गेले तर मातीला नात्यातलं कोण उभं राहील, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. तो आत गेला. भांडी वाजली.

आणला. मेल्यानं आणला चमचा, तुळजाबाईंच्या मनात आलं.

मरणाची भीती त्यांना वाटली नव्हती असं नाही. पहाटे श्वास अडकला तेव्हा घाम फुटला होता. ‘प्रभू, येते मी, पण हात धर,’ एवढंच म्हणता आलं होतं. आणि कुणीतरी धरला होता. स्वर्गातल्या बापाच्या घरी आपली जागा तयार आहे, हे तेव्हा त्यांना घरच्या दारासारखं समोर दिसलं होतं. पण त्या दारापर्यंत जाताना आपल्याच माणसानं, आपण जिवंत असताना, आपला सगळा विश्वास एका घोटात पुसून टाकायचा? तोही मायेनं? रागानं केलं असतं तर सोपं होतं.

नत्थूजींनी लाख फोडली. चमचा भरला. तुळजाबाईंच्या ओठांपाशी आणला.

तुळजाबाईंनी होती नव्हती ती ताकद काढून त्यांचं बोट पकडलं. चमचा डुचमळला. अंगठा आणि तर्जनीत त्यांनी ते बोट धरलं आणि हलकेच पीळ दिला. पुन्हा दिला.

नत्थूजी थबकले. “काय करून राहिली वं? सांधून राहिली?”

दोघांचं बालपण हातमागाखाली गेलेलं. लुगडं विणून झालं की कापून उतरवायचं, पण मागावर वीतभर सूत ठेवून. मग बोटांना राख लावून जुन्या सुताच्या एकेका टोकाला नव्या ताण्याचं, म्हणजे उभ्या सुताचं, टोक पिळून जोडायचं. तीच सांधणी. एकदा पोरवयातल्या नत्थूजींनी घाईत सगळी टोकंच साफ कापून टाकली. जोडायला काही उरलं नाही. बापानं बदडलं, आणि उपाशीपोटी दोघं भावंडं अख्खा ताणा फणीतून नव्यानं ओवत बसली.

“तू... टोकं... कापली होती,” तुळजाबाई म्हणाल्या.

“अजून ध्यानात हाय तुले?” ते हसले.

“माहं टोक... त्याच्या हातात... हाय, दादा. तिकडं... नवा ताणा... लागला.” श्वास. पुन्हा श्वास. “कापू... नको.”

वैभवनं मान खाली घातली.

“अन् माहं काय?” नत्थूजींनी विचारलं. म्हातारा माणूस, पण आवाज त्या मार खाल्लेल्या पोराचा. “तू तिकडं जाशील. मी कुठं? मले भेटशील का नाही, तुळजे?”

“रोज... मागून राहिली... त्याच्यापाशी. तुह्यासाठी.”

चमच्यातलं पाणी नत्थूजींनी परत गडूत ओतलं, एकही थेंब न सांडता, आणि गडू पिशवीत ठेवला.

“सूनबाई, पाणी आण.”

“कोणतं, मामाजी?”

“कोणतं म्हणजे? घरात माठ नाही का तुमच्या?”

प्रणालीनं पेला भरून आणला. नत्थूजींनी चमच्यानं बहिणीचे ओठ ओले केले. उरलेला पेला हातात धरून ते क्षणभर थांबले, मग तोंडाला लावला आणि सावकाश, घोट घोट घेत रिकामा केला.

“थंड हाय,” ते म्हणाले.

तुळजाबाईंचे डोळे हसले. त्यांनी प्रणालीकडे बघितलं. “म्हण... आता.”

प्रणालीनं प्रार्थना सुरू केली. वैभवनं हात जोडले. नत्थूजींनी जोडले नाहीत. त्यांनी बहिणीचं बोट चिमटीत धरलं होतं, आणि ते सोडायला ते तयार नव्हते.