वासूकाकांचा हात

वासूकाकांचं खरं नाव हजेरीपटाबाहेर कुठेच उरलं नव्हतं. तेल गोळा करायच्या त्या केंद्रावर अठ्ठावीस वर्षं टाक्यांवर चढायचं, झाकण उघडायचं, पोलादी फीत खाली सोडायची आणि तेलाची पातळी मोजायची, हे त्यांचं काम. पण नाव पडलं ते वासावरून. आजूबाजूच्या विहिरींचं कच्चं तेल इथे यायचं, त्यातलं पाणी आणि वायू वेगळे केले जायचे, आणि या सगळ्या कारभाराला कुजक्या अंड्यांचा वास बारा महिने असायचा. नवा माणूस दोन दिवस नाक मुरडायचा, तिसऱ्या दिवशी त्याला काही वाटेनासं व्हायचं. वासूकाकांचं नाक मात्र कधी सरावलं नाही. आजचा वास रोजचाच आहे की त्याहून जास्त, हे दुसरा कोणी कपाळाला हात लावून ताप सांगेल तितक्या सहज ते सांगायचे.

त्यातून केंद्रावर एक रीतच पडून गेली होती. व्हॉल्व्हच्या खड्ड्यात कोणाला उतरायचं असलं की आधी काकांनी काठावर पालथं पडायचं, डोकं आत घालायचं, दोन श्वास घ्यायचे आणि उठून उजवा हात वर करायचा. हात वर झाला की माणूस खाली. वायू मोजायची दोन यंत्रंही होती म्हणा. पण ती जरा खुट्ट झालं की बोंबलायची आणि काम खोळंबायचं. मुकादमाने त्यांचं नाव 'सासूबाई' ठेवलं आणि त्यांना कपाटात बसवलं. हा शुद्ध मूर्खपणा होता. पण ज्या मूर्खपणाचं चारचौघांत कौतुक होतं तो कोणाला दिसतो?

नव्या लोकांना काका मोठ्या रंगात येऊन सांगायचे, "हे तेल म्हणजे समुद्रातले डोळ्यांना न दिसणारे जीव. मेले, गाळात गाडले गेले, वर दगडांचे थर चढले, आणि खालच्या उष्णतेवर कोट्यवधी वर्षं शिजत राहिले. इतक्या जुन्या मढ्यांना वास येणार नाही तर काय अत्तराचा येणार?" सगळे हसायचे. खड्ड्यात उतरणारा फिटर सगळ्यांत जोरात हसायचा. तो काकूंचा सख्खा धाकटा भाऊ. काकांनीच खटपट करून त्याला इथे चिकटवला होता. काका कामावर निघाले की काकू दारातून रोज सांगायच्या, "माझ्या भावावर लक्ष असू द्या हो."

मग ती सकाळ आली. काकूंनी दूध तापत ठेवलं आणि त्या गच्चीवर कपडे वाळत घालायला गेल्या. काका ओट्याशेजारच्या टेबलावर पेपर वाचत होते. दूध उतू गेलं, ज्योत विझली, आणि गॅस तसाच फुसफुसत राहिला. काकू परत आल्या त्या धावतच. त्यांनी बटण बंद केलं, खिडक्या सताड उघडल्या.

"अहो, जिन्यापर्यंत वास येतोय! तुमचं नाक कुठे गहाण ठेवलंय?"

"सर्दी झालीय जरा," काका म्हणाले.

सर्दीबिर्दी काही नव्हती. काकू आंघोळीला गेल्यावर काकांनी कांदा कापून हुंगला. साबण हुंगला. रॉकेलची बाटली उघडून नाकाशी धरली. डोळ्यांत पाणी आलं, पण वास म्हणून काही नाही. काका खुर्चीत बसले आणि कितीतरी वेळ उठलेच नाहीत. त्यांना भीती वाटली, आणि ती नाकाची नव्हती, हाताची होती.

सांगायला हवं होतं, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. सांगितलं की स्टोअरमध्ये बसवतील, वायसर मोजायला. आणि वास गेल्यावर वासूकाकांचं उरणार काय? उद्या सांगू, उद्या सांगू करत दिवस निघाले. काका दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघायला शिकले. कोणी नाक चोळलं की म्हणायचे, "आज जरा जास्त आहे बरं का." वारा कुठून येतोय ते दहादा बघायचे. खड्ड्यात मोठा पंखा तासभर लावून ठेवायला लावायचे. मुकादम म्हणायचा, "काका, म्हातारपणी घाबरट झालात." तीन वेळा त्यांनी असा हात वर केला. प्रत्येक वेळी फिटर शिडीवरून खाली जायचा आणि काका मनातल्या मनात आकडे मोजत काठावर उभे राहायचे. तो वर आला की जीव भांड्यात पडायचा.

चौथ्यांदा, मंगळवारी, पंखा दुसऱ्या टाकीवर नेलेला होता. मुकादम घड्याळ बघत होता. काकांनी हात वर केला. फिटर वीस मिनिटांनी वर आला, हात पुसले, घरी गेला. काही झालं नाही. त्या दिवशी काका जेवण नीट जेवले आणि आपलं आपल्यालाच म्हणाले, चालतंय की!

शुक्रवारी प्रयोगशाळेतल्या मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. तेलाचे नमुने त्या तपासायच्या.

"जुन्या विहिरींतून तेल ढकलायला आपण इतकी वर्षं खाली पाणी सोडतोय," त्या म्हणाल्या, "त्या पाण्यामुळे खाली जंतू वाढलेत आणि विषारी वायू वाढलाय. वर्षापूर्वी होता त्याच्या तिप्पट. हवेपेक्षा जड असतो, खड्ड्यात साचून राहतो. आणि जास्त झाला की आधी नाकच मारतो. वास यायचा थांबला की माणसाला वाटतं गेला. तो गेलेला नसतो."

सगळे पांगल्यावर काका मागे रेंगाळले. "मॅडम, असं मेलेलं नाक परत येतं का हो?"

"कधी येतं, कधी नाही. का?"

"सहज विचारलं."

शनिवार-रविवार काका घरातच येरझाऱ्या घालत होते. काकूंनी विचारलं तर म्हणाले, पित्त झालंय. जेवताना त्या भावाचं सांगत होत्या, धाकटीला सायकल घेतलीन म्हणे. काका अर्ध्या ताटावरून उठले.

सोमवारी सकाळी तोच खड्डा. व्हॉल्व्ह गळत होता. पंखा नव्हताच, दुरुस्तीला गेलेला. फिटरने पाना कमरेला खोचला, एक पाय शिडीवर ठेवला.

"भाऊजी, आटपा लवकर. भूक लागलीय."

काका पालथे पडले. डोकं आत घातलं. एक श्वास. दुसरा. नाकात नुसती गार हवा. ते उठले, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने हात आपोआप खांद्यापर्यंत आला. मुकादम बघत होता, पाईपवाले बघत होते. फिटरने दुसरा पायही शिडीवर टाकला.

"वर ये!" काका ओरडले. "शिडीवरून बाहेर ये आधी!"

"आहे का?"

"मला माहीत नाही. माझं नाक गेलंय. तीन आठवडे झाले, मला कशाचाच वास येत नाही."

फिटर आधी हसला. त्याला वाटलं भाऊजी थट्टा करतायत. मग त्याने काकांचा चेहरा बघितला आणि मुकाट्याने बाहेर आला. मुकादम काहीतरी बोलायला गेला तेवढ्यात काकाच त्याच्यावर खेकसले, "तुझ्या त्या सासूबाई आण. पळ!"

यंत्र घेऊन मॅडम स्वतः आल्या. त्यांनी ते दोरीला बांधून खड्ड्यात सोडलं. काठापाशी गप्प होतं. हातभर खाली गेलं आणि किंचाळायला लागलं, ते थांबेचना. मॅडमनी आकडा बघितला, कोणाला सांगितला नाही. नुसतं म्हणाल्या, "सगळे मागे. वारा येतोय त्या बाजूला चला."

कुंपणापाशी काका आणि फिटर जमिनीवरच बसले. काकांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"तीन आठवडे म्हणजे," फिटर म्हणाला, "मंगळवारीही?"

"मंगळवारीही."

फिटर खड्ड्याकडे बघत राहिला.

"मंगळवारी वर आल्यावर मला गरगरलं होतं, भाऊजी. घरी जाताना रस्ता दोन-दोन दिसत होता. ताईला काही बोललो नाही."

"अरे, मला तरी सांगायचंस!"

"तुम्हाला काय सांगणार?" तो म्हणाला. "तुमचा हात वर होता ना. मी उन्हाला दोष दिला."