मामंजींचं कुरण

मामंजींच्या हातात कातडी वादी असे, आणि ती माणूस-जनावर असा भेद करत नसे. धारूरच्या डोंगराखालचं गावकुरण राखायचं काम माझ्या या सासऱ्यांकडे होतं. निजामाचे दिवस होते. तहसीलदाराचं घोडं कुरणात शिरलं, तर घोड्याला एक आणि ते राखणाऱ्या मोतद्दाराला चार बसत.

बी झडल्याशिवाय कुरण उघडायचं नाही, हा त्यांचा नेम. बी पिकलं का ते बघायला ते गवतातून चालत. धोतराला कुसळं चिकटून आली की दवंडी. एकदा त्यांनी मला ढेकूळ हुंगायला लावलं. "वरचं गुरांनी खावं, मुळी मातीला ऱ्हाऊ द्यावी. मुळी कुजती तवा माती काळी व्हती," म्हणाले. एवढं गोड ते घरात कुणाशी बोलत नसत.

मग पाऊस रुसला. माहेरून आंदण आलेली माझी गाय वाळून काटकी झाली. मी एका पेंढीसाठी पदर पसरला.

"कुसळ हिरवं हाय, सूनबाई. तुझ्या गाईला दिलं, तर गावाला कावून न्हाई?"

गाय कुंपणाच्या काट्यांत तोंड खुपसून तिथेच मेली. मामंजींनी तिचं तोंड सोडवलं आणि कुंपणाचं भगदाड बुजवलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मला मात्र वाटलं, हा म्हातारा मरावा.

तिचे हाल पाहून गाव बिथरलं. दुसऱ्या सकाळी पाटलाने कुंपण काढलं. मामंजींना त्यांच्याच वादीने बाभळीला बांधलं. गुरांनी गवत मुळासकट उपटून खाल्लं. मामंजी घसा बसेपर्यंत शिव्या देत होते. गुरं जगली, हेही खरं.

पुढच्या पावसाळ्यात कुरणाची माती ओढ्यात वाहू लागली. मामंजी एकटेच पाण्यात उभे राहून दगड लावत होते. हाताखाली कुणी गेलं नाही, त्यांचा मुलगाही नाही. "समदी चालली, सूनबाई," तापात ते एवढंच म्हणत. त्यातच गेले.

आम्ही लिंगायत, आमच्यात पुरतात. कुरणातच पुरा, असं त्यांनी बजावलं होतं. पण तिथे कुदळ टाकली की मुरूम लागे. खड्डा कसाबसा खणला, वर लोटायला निघाले ते नुसते दगड. पाटील म्हणाला, "शेतातली आणा दोन टोपली." एकजण पुटपुटला, "माज्या रानातली न्हाई देणार बे, पेरा झालाय." बाकीच्यांनी माना हलवल्या.

मी घरी गेले. परसात माझी गाय बांधायची जागा होती. शेणामुताने तिथली माती काळी, मऊ झाली होती. तीच टोपलीभर खणून आणली आणि मामंजींच्या तोंडावर मीच लोटली. मला लई बरं वाटलं, आणि मग रडू आवरेना.