अबोधसरांचा अंधार

समोरचा माणूस काय बोलतोय, हे अबोधसरांना कधीच ऐकू यायचं नाही. तो काय बोलत नाहीये, ते मात्र खणखणीत ऐकू यायचं. समुपदेशनात मी पंचवीस वर्षं काढली, पुष्कळ शहाणे पाहिले. पण इतक्या आत्मविश्वासानं चुकणारा माणूस दुसरा पाहिला नाही. सरांचं खरं नाव वेगळं होतं. दर तिसऱ्या वाक्यात ते 'अबोध मन' आणायचे म्हणून आम्ही त्यांना हे नाव ठेवलं. कहर म्हणजे, कळल्यावर त्यांना ते आवडलं.

नाशिकला कॉलेज रोडवरच्या त्यांच्या क्लिनिकमध्ये आम्ही पाच-सहा समुपदेशक दर शनिवारी केसेसवर बोलायला जमायचो. मी चहा बिनसाखरेचा घेते. पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "स्वतःला कसली शिक्षा देताय?"

"सर, मला डायबेटिस आहे."

"तो का झाला, तेच तर विचारतोय."

यावर माणसानं काय बोलावं? आपण 'नाही' म्हटलं की त्यांच्या लेखी ते 'हो' असायचं, आणि गप्प बसलं तर फारच मोठ्यांदा 'हो'.

एकदा बाहेरच्या बाकावर कुणाची तरी छत्री राहिली. ती आपल्याच पेशंटची, असं ठरवून सरांनी तिच्यावर पाऊण तास घेतला. विसरणं म्हणजे परत येण्याची अबोध इच्छा, वगैरे वगैरे. तेवढ्यात शेजारच्या दातांच्या डॉक्टरकडे आलेली एक बाई आत डोकावली, "माझी छत्री राहिली का हो इथं?" म्हणाली आणि छत्री घेऊन गेली. सर जराही खजील झाले नाहीत. "दात दुखत असताना ती आपल्या दाराशी का टेकली, याचा विचार करा," म्हणाले. आम्ही वह्या उघडल्या. आमचीही अक्कल तेवढीच.

मग त्यांना ती केस मिळाली. पन्नाशीची गृहिणी, घरी कारण नसताना गप्प होणारी. तिची लेखी परवानगी घेऊन, नाव वगळून, सर आम्हाला रेकॉर्डिंग ऐकवायचे. बाई जपून, शाळेच्या पुस्तकातलं मराठी बोलायची. "सगळं बरं आहे सर. मुलगा कमावतो, सूनही चांगली आहे. पण पोळ्या करता करता हात थांबतात. मन्ही आंडेर..." आणि पुढे शांतता.

सरांनी टेप थांबवली. त्यांचे डोळे भरून आले होते. "मनी अंधार! एका साध्या बाईच्या तोंडी कवितेची ओळ! ही ती बोलत नाहीये, तिचं अबोध मन बोलतंय."

टेप पुढे सरकली. "कसा आहे हा अंधार?" सरांचा आवाज. बाई गोंधळून म्हणाली, "अंधार नाही, सर..." त्यावर सर, "घाबरू नका. शिरा त्यात." बाई गप्प झाली ती झालीच.

'मन्ही आंडेर' म्हणजे माझी मुलगी. अहिराणी आहे ती. सर जन्मात पिंपळगावच्या टोलनाक्यापलीकडे गेले नव्हते, त्यांना काय कळणार? पण मी सटाण्याची, अहिराणीतच वाढलेली. मला पहिल्याच शनिवारी कळलं होतं, आणि तरी मी तीन शनिवार तोंड उघडलं नाही. कॉलेजात पहिल्या वर्षी 'आहे'ऐवजी तोंडून गेलेल्या माझ्या 'शे'वर पोरी हसल्या होत्या. तेव्हापासून कुणीही विचारलं की मी 'नाशिकचीच' म्हणते. तिकडे एक बाई दर आठवड्याला आपल्या मुलीपर्यंत येत होती, सर तिला अंधारात ढकलत होते, आणि मी वहीत मुद्दे उतरवत होते. सरांची मला चीड यायची. माझी मला किळस आली.

चौथ्या शनिवारी मी बोलले. "सर, तो अंधार नाही. ती मुलीबद्दल सांगतेय. ती अहिराणी आहे. मला येते."

सरांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. "हे आजच का बोललात? तुमचं आईशी कसं होतं?"

मी पर्स उचलली आणि चहा तसाच टाकून निघाले. पुन्हा त्या दारात पाऊल ठेवायचं नाही, असं ठरवूनच.

सोमवारी सकाळी सरांचा फोन. नमस्कार नाही, काही नाही. "मुलीचं नाव काय होतं, हे अहिराणीत कसं विचारायचं?"

"'होतं' नको, सर. आहे की गेली, आपल्याला ठाऊक नाही. म्हणा, तुमनी आंडेरनं नाव काय शे?"

त्यांनी ते संध्यावंदनासारखं म्हणून दाखवलं. मी सुधारलं. पुन्हा म्हणाले, पुन्हा चुकले. असं दहा मिनिटं चाललं.

शनिवारी मी गेले. उत्सुकता, दुसरं काय. टेपवर सरांनी त्या वाक्याची पार वाट लावली होती. बाई चक्क हसली. मग, "सर, ते मशीन बंद करा." खट्. संपलं.

"पुढे काय झालं?" सगळे एकदम म्हणाले.

"पुढचं तिचं आहे," सर म्हणाले आणि त्यांनी फाईल मिटली.

मला त्यांच्याबद्दल आदर वाटला, खोटं कशाला बोलू. तो त्यांनी जिना उतरेपर्यंतही टिकू दिला नाही. "ती आता तुमच्याकडे येईल," ते मला म्हणाले. "तासभर बोलली, मला चार शब्द कळले. आणि तुमच्या आईच्या प्रश्नालाही बरं पडेल." त्याच वर्षी क्लिनिक बंद करून ते मुलाकडे पुण्याला गेले. निरोप समारंभात माझ्या भेटवस्तूचा अर्थ त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितला. त्यानंतर मी त्यांना फोन केलेला नाही.

ती बाई मात्र त्यांनी सांगितल्याप्रमाणे पुढच्याच मंगळवारी आली होती. खुर्चीच्या टोकावर बसली, पदर सावरला आणि तेच जपून बोलणं सुरू केलं. "सर म्हणाले, तुम्हाला आमची बोली समजते. आपण कुठल्या?"

'नाशिकचीच' ओठांवर आलं होतं.

"मी सटाणानी शे," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, हातातली पिशवी खाली ठेवली आणि मागे टेकून बसली.

"मंग आयक, माय," ती म्हणाली.