नीट बसलेली मुलगी

माझी वहिनी ब्यूटी पार्लर चालवते आणि तिच्या जिभेला हाड नाही. मी तिची नणंद, त्यामुळे हे मी म्हणायलाच हवं. गिऱ्हाइकाचे केस कापता कापता ती सासूपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांची हजामत करते. स्वतःच्या मुलीविषयी मात्र दुकानात कधी चकार शब्द काढत नाही.

मुलगी पंधरा वर्षांची, आईपेक्षा थोराड. बोलते नीट, चित्रं छान काढते, आणि बिनसलं की हाताला येईल ते फोडते, चावते, भिंतीवर डोकं आपटते. डोक्याला कुणाचा हात लागलेला तर तिला मुळीच खपत नाही. आईने जगाचे केस विंचरले, पण हिचे कधी नाही. घरात आरसा नाही, काचेचा ग्लास नाही, सुऱ्या माझ्याकडे ठेवलेल्या. माझा भाऊ जहाजावर नोकरीला. त्याला फोनवर सगळं ठीकच वाटतं. गेल्या वर्षी तिने आईचा हात मोडला, तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की हिला आता अशा मुलांना सांभाळणाऱ्या संस्थेत ठेवा, नाहीतर एक दिवस कुणाच्या तरी जिवावर बेतेल.

सांगायला काय जातं! एका संस्थेने वय जास्त म्हणून नाही म्हटलं, दुसरीने डॉक्टरांचा अहवाल वाचूनच हात जोडले. तिसऱ्या ठिकाणी एकच जागा रिकामी होती आणि तिथल्या मुख्य बाई मुलीला स्वतः पाहणार होत्या. वहिनीने आठवडाभर मुलीला पढवलं. हात मांडीवर ठेव, हळू बोल, विचारलं तेवढंच सांग. जणू शाळेचाच प्रवेश. मलाही ते बरोबरच वाटलं होतं.

आणि मुलगी खरोखर तशी बसली. बाईंच्या खोलीत पंखा कुरकुरत होता, टेबलावर काचेचे ग्लास होते, आतून कुणीतरी सारखं किंचाळत होतं. हिच्या ओठावर घाम, बोटं पांढरी पडलेली, पण हात मांडीवरच. इथे राहायला आवडेल का, असं बाईंनी विचारल्यावर हळूच "हो" म्हणाली.

बाईंनी कागद मिटले. अशी मुलगी घरी सहज राहू शकते, म्हणाल्या. जागा एकच आहे, ती ज्यांचा अगदीच नाइलाज आहे त्यांच्यासाठी. कधी कधी आयांनाच घाई झालेली असते, असंही हसत म्हणाल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वहिनी मोडलेल्या हाताचं सांगू लागली, तर बाई घड्याळ बघायला लागल्या. मग वहिनीने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि केसांवरून सावकाश फिरवला, कुठलीही आई फिरवते तसा.

पुढचं फार वेळ चाललं नाही. ग्लास गेले, खुर्ची खिडकीवर गेली, वहिनीच्या मनगटात दात रुतले. तीन सेविका धावत आल्या. त्यांनी ना तिला बांधलं ना आरडाओरडा केला. शेजारच्या खोलीत नेऊन गादीवर बसवलं, दिवा बंद केला आणि थोडं लांब बसून राहिल्या. तेवढ्यावरून मला जागा पसंत पडली. बाईंनी कागद पुन्हा उघडले.

सह्या झाल्या. वहिनीच्या मनगटाला पट्टी बांधून आम्ही मुलीचा निरोप घ्यायला गेलो. ती दमून भिंतीला टेकली होती.

"मुद्दाम केलंस," ती आईला म्हणाली.

"हो."

"तूच म्हणालीस नीट बस. किती धरून बसले होते मी." मग म्हणाली, "मला सांगायचं ना. मी केलं असतं."

वहिनी तिथेच दारात बसली आणि रडायला लागली. मी तिला उठवलं नाही. मला तिचा राग आला होता, आणि तिच्या जागी मीही तेच केलं असतं.